पाठ टेकायची फळी

“आता टेका,” मी म्हणाले.

ह्यांनी आधी मान वळवून मागे पाहिलं. मग दोन्ही हात गादीवर रोवून अंग हळूहळू मागे सोडलं. कमरेला पट्टा होता, वर उघडेच होते, कारण एप्रिल लागला होता आणि पिंपळगावच्या त्या पत्र्याच्या घरात दुपारी अंगावर बनियनही सहन होत नसे. पाठ फळीला लागली, मग मान, मग डोकं. सव्वीस दिवसांनी हा माणूस छताकडे न बघता समोर बघत होता.

“कशी आहे?” मी विचारलं.

“सुताराची पोरगी आहेस खरी,” हे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. लग्नाला चार वर्षं झाली होती. माझ्या हातच्या कामाला ह्यांनी चांगलं म्हटल्याचं मला तरी दुसरं आठवत नव्हतं.

दारात आत्याबाई, माझ्या सासूबाई, उभ्या होत्या. म्हणाल्या, “बरी झालीय. पण वास कसला गं येतोय?”

“अळशीचं तेल चोळलंय, आत्याबाई. दोन दिवसांत जाईल.”

हे कोल्ड स्टोरेजमध्ये वायरमन होते. शिडीवरून पडले आणि पाठीचा मणका दबला. नाशिकच्या डॉक्टरांनी दीड महिना झोपून राहायला सांगितलं, आणि तीन आठवड्यांनी म्हणाले, आता थोडं थोडं टेकून बसवा. बसवायचं कशाला टेकून? आमची लोखंडी कॉट, उशाला दोन आडवे पाइप. उशा रचल्या तर त्या पाइपांच्या मधून मागे सरकून पडायच्या. दुकानातला लाकडी पलंग मी जाऊन बघून आले, आणि बघूनच परत आले. हे घरी बसल्यापासून पगार बंद होता.

मग मी ठरवलं, नुसती उशाकडची पाठ तेवढी आपणच करायची.

माझे वडील चांदवडला सुतारकाम करायचे. आम्हा बहिणींना त्यांनी कधी करवतीला हात लावू दिला नाही. पण रंध्यातून निघालेल्या वेटोळ्या ढलप्या गोळा करताना मी त्यांचे हात बघत असायची. ते गेल्यावर भावाने दुकान मोडलं तेव्हा मी एकच गोष्ट मागून घेतली, त्यांचा रंधा. करवत आणि पकड शेजारून मिळाली. राहिलं लाकूड.

हायवेला रमणशेठचा भंगारचा अड्डा होता. तिथे मागच्या बाजूला पॅलेटचा ढीग पडलेला असायचा. पॅलेट म्हणजे गोदामात माल जमिनीला लागू नये म्हणून खाली घालतात त्या लाकडी फळ्यांच्या चौकटी. मी त्यातल्या तीन निवडल्या, जाड आणि न फाटलेल्या. दोन-तीन फळ्यांवर हिरवट काळे डाग होते, कढई उपडी झाल्यासारखे पसरलेले.

“हे कशाचे?” मी विचारलं.

“तेलाबिलाचे असतील. रंधा मारा ताई, आत लाकूड कोरं निघतं,” रमणशेठ म्हणाले. आणि ते खरंच होतं. रंधा मारला की डाग जात होता.

चार दिवस मी मागच्या पडवीत काम केलं. खिळे उपसले, वाकडे झालेले दगडावर ठोकून सरळ केले. सात फळ्या एका मापाच्या कापल्या, दोन उभ्या पट्ट्यांवर जडवल्या, आणि पट्ट्या खालून अशा तासल्या की फळी थोडी मागे कलती राहील, माणसाची पाठ कलते तेवढीच. पॉलिशचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून काचपेपर मारून अळशीच्या तेलाचे दोन हात दिले. तेल लावल्यावर लाकडाच्या रेषा अशा उठून आल्या की मी उगाचच हात फिरवत बसले.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं जड झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुपारी मोरीत जाऊन उलटी केली. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे आल्या. किती दिवसांनी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“कधीची चुकलीय?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही आत्याबाई, तसं नाही. ऊन लागलं असेल.”

त्यांनी हात काढून घेतला.

फळी बसवल्यावर पहिले दोन दिवस छान गेले. हे सकाळी तासभर टेकून बसायचे, मग दोन तास, मग दिवसभरच. रेडिओ ऐकायचे, पेपर वाचायचे. घामाने फळीवर ह्यांच्या पाठीचा ओला आकार उमटायचा. मी तो रोज फडक्याने पुसायची.

तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाले. चौथ्या दिवशी जेवण नको म्हणाले. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्याने काही फरक पडला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी कॉटखाली झाडत होते. झाडूबरोबर एक मेलेली पाल बाहेर आली. मग दुसरी. त्यांच्यामागे मुंग्यांची एक रांग, भिंतीकडून आलेली आणि फळीच्या पायाशी येऊन तिथेच थांबलेली. जवळून बघितलं तेव्हा कळलं, एकही मुंगी हलत नव्हती.

आत्याबाई बघत होत्या. “आजाऱ्याच्या पलंगाखाली पाल मेली. हे लक्षण बरं नाही,” त्या म्हणाल्या.

“उन्हाने मेली असेल,” मी म्हणाले.

“सावलीत?”

मी सगळं सुपलीत भरून उकिरड्यावर टाकलं. माझ्या मनात काही आलं नाही असं आता म्हणणं खोटं होईल. काहीतरी आलं होतं. पण ते लाकडाकडे गेलं नाही. वाटलं, ह्या घरावर कुणाची तरी नजर पडलीय.

सहाव्या दिवसापासून ह्यांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उशी ओली व्हायची. पेपर हातात धरला की अक्षरं पुसट दिसतात म्हणायचे. दंडाचं मांस आपोआप थरथरायचं, कातडीखाली काही सरपटत असल्यासारखं. संध्याकाळी मी नेहमीसारखं हळद घातलेलं दूध नेलं. मणक्यासाठी डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि अर्धा लिटर दूध फक्त ह्यांच्यासाठी यायचं. आम्ही दोघी बिनदुधाचा चहा प्यायचो.

“कडू लागतंय,” हे म्हणाले.

“हळद जास्त झाली असेल.”

ह्यांनी पेला माझ्या हातात परत दिला. अर्धं दूध तसंच होतं. आत्याबाईंनी तो पेला माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला आणि मोरीत ओतला.

आठव्या दिवशी सकाळी ह्यांना श्वास घ्यायला जड जायला लागलं. घामाने अंथरूण निथळत होतं. शेजारच्यांची जीप मिळाली म्हणून सरकारी दवाखान्यात वेळेवर पोचलो.

तिथे डॉक्टर शिरसाट म्हणून बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी ह्यांच्या डोळ्यांवर बॅटरी धरली, पापणी वर केली, आणि मला जवळ बोलावलं. “हे बघा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. तुमची द्राक्षबाग आहे का?”

“नाही.”

“दुसऱ्याच्या बागेत फवारणीला जातात?”

“ते महिना झाला अंथरुणावर आहेत, मॅडम. मणका दबलाय.”

डॉक्टरीण बाईंनी नर्सला कसलं तरी इंजेक्शन सांगितलं आणि ते लगेच, मग दर थोड्या वेळाने, द्यायला लावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज तोच होता, पण त्यात काहीतरी बंद झालं होतं.

“ही विषबाधा आहे. फवारणीच्या औषधाची. एकदम घेतलेली दिसत नाही, थोडी थोडी पोटात जात असावी. मला पोलिसांना कळवावं लागेल.”

आत्याबाई बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. फक्त त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

द्राक्षाच्या मुलखात हे औषध कुणाला मिळत नाही? घराघरांत, गोठ्यात, खाटेखाली डबे असतात. ज्याला जीव द्यायचा तो तेच घेतो. ज्याला घ्यायचा तोही.

दोन दिवसांत हे सुधारले. लाळ थांबली, बाहुल्या मोठ्या झाल्या, ओळखून बोलायला लागले. बायका बघायला यायच्या आणि आत्याबाई त्यांना सांगायच्या, “घरातून हलवला तसा बरा झाला.” एवढंच म्हणायच्या. मी डबा घेऊन गेले की त्या तो माझ्या हातून घ्यायच्या आणि बाकाखाली सरकवायच्या. ह्यांच्यासाठी दवाखान्यातली पेज यायची. डबा संध्याकाळी भरलेला परत मिळायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदार बोरस्ते जबाब घ्यायला आले. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, बोलणं सावकाश. मी थर्मासमध्ये चहा घेऊन आले होते. ह्यांच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. मी पडद्याच्या अलीकडे थांबले. थांबायला नको होतं.

“घरात जेवण कोण करतं?” हवालदार विचारत होते.

“दोघी मिळून.”

“सगळे तेच खातात?”

“हो.”

“फक्त तुम्हीच घेता असं काही?”

“दूध,” हे म्हणाले. “संध्याकाळचं. दूध तीच देते.”

“बायको?”

“हो.”

“तुमचं भांडण वगैरे?”

“भांडण नाही. मूल नाही म्हणून आई बोलते तिला. मी पण कधी बोललो असेन.”

“तिने काही घातलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

पडद्याच्या खालून मला हवालदारांचे बूट दिसत होते. खाटेची सळई दिसत होती. मी वाट बघत होते. ह्यांनी नाही म्हणावं, चिडावं, हवालदारांना दोन शब्द सुनवावेत. फक्त एक ‘नाही’ हवा होता, आणि तो यायला वेळ लागत होता.

“मला काय माहीत,” हे म्हणाले.

मी थर्मास तिथेच जमिनीवर ठेवला आणि बाहेर आले. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून राहिले. रडू आलं नाही. वडिलांची आठवण आली आणि ते हयात नाहीत याचं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हवालदार बोरस्ते घरी आले, बरोबर एक महिला पोलीस. शेजारच्या दोघांना पंच म्हणून उभं केलं होतं. आत्याबाईही दवाखान्यातून आल्या होत्या, माझ्यापासून चार हात लांब उभ्या होत्या. महिला पोलिसांनी स्वयंपाकघर उचकलं. दुधाचं पातेलं, हळदीचा डबा, साखर, मीठ, सगळं पिशव्यांत भरून बांधलं. माझी पेटी उघडली. लग्नातल्या साड्या एकेक करून झटकल्या.

“ढेकणाचं औषध? उंदराचं?” हवालदार विचारत होते.

“नाही.”

“बाई, खरं सांगितलंत तर तुमचंच सोपं होईल.”

“खरंच सांगतेय.”

त्यांनी मान हलवली. त्यांना हे रोजचंच असावं. पंचनामा लिहायला घरात टेबल नव्हतं, तेव्हा ते आतल्या खोलीत गेले, कॉटवर बसले, वही मांडीवर घेतली आणि लिहिता लिहिता सवयीने मागे फळीला टेकले.

दोन ओळी लिहिल्या असतील. पेन थांबलं. त्यांनी नाक वर केलं, जसं जनावर करतं. मग मान वळवून फळीकडे पाहिलं, वाकले, आणि लाकडाला नाक लावलं.

“बाई, हा वास कसला?”

“अळशीचं तेल चोळलंय त्याला.”

“अळशी नाही ही.” ते उठून उभे राहिले होते. “माझी तीन एकर बाग आहे. पंचवीस वर्षं पंप पाठीवर घेतलाय मी. हा वास मला झोपेत पण कळतो.” त्यांनी टोपी काढली, मोरीवर जाऊन मान आणि हात साबणाने खसाखसा धुतले, आणि ओल्या अंगानेच परत आले. “ही फळी कुठून आणली?”

“मी केलीय.”

“तुम्ही?”

“पॅलेटच्या लाकडाची. रमणशेठच्या अड्ड्यावरून आणून.”

“उरलंय का काही लाकूड?”

उरलं होतं. रंधा न मारलेल्या दोन फळ्या पडवीत भिंतीला लावून ठेवल्या होत्या. पुढेमागे एक पाट करीन म्हणून. हिरवट काळा डाग तसाच होता. हवालदारांनी काडीने टोकरला आणि काडी दूर धरून माझ्याकडे पाहिलं.

“तुमचे मालक किती दिवस टेकत होते त्या फळीला?”

“आठ दिवस,” मी म्हणाले. “दिवसभर. उघड्या पाठीने.”

हे सांगताना माझ्या तोंडून फळीवरच्या त्या घामाच्या आकाराचं निघालं नाही. पण मला तो दिसत होता. मी रोज पुसायची तो. तेल अजून मुरावं म्हणून परत परत हात फिरवायची.

आत्याबाई पडवीतून आत निघून गेल्या.

दुपारपर्यंत सगळं उलगडलं. रमणशेठने ते पॅलेट औषधांच्या एका जुन्या गोदामातून उचलले होते. आदल्या पावसाळ्यात तिथे पिंप फुटलं होतं आणि दोन महिने लाकूड त्या औषधात बसून होतं. वरचा डाग रंध्याने गेला, आतलं राहिलं. घामाने आणि तेलाने ते बाहेर येत गेलं, असं डॉक्टर शिरसाट म्हणाल्या, आणि म्हणाल्या, चार दिवस त्याचा भुसा नाकातोंडात जाऊन तुम्ही स्वतः उभ्या कशा आहात. त्यांनी माझ्याही डोळ्यांवर बॅटरी धरली.

फळी पोलिसांनी प्लॅस्टिकमध्ये बांधून मुद्देमाल म्हणून नेली. जाताना हवालदार बोरस्ते दारात थांबले.

“नाशिकहून तपासणीचा कागद येईपर्यंत मला काही लिहून देता येणार नाही,” ते म्हणाले. “पण बाई, तुम्ही काहीतरी खाऊन घ्या आता.”

त्या चार दिवसांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

ते गेल्यावर आत्याबाई बाहेर आल्या. मग म्हणाल्या, “मी काही तुझं नाव घेतलं नव्हतं गं.”

“नाही घेतलंत,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

कागद दीड महिन्याने आला. त्यात लाकडात औषध होतं आणि दुधात, हळदीत, साखरेत काही नव्हतं असं छापलेलं होतं. तोवर हे घरी येऊन, उठून बसायला लागले होते. उशाशी मी गोधड्या दोरीने बांधून टेकू केला होता.

हे घरी आले त्या दिवसाचं मात्र सांगायला हवं. दुपारची वेळ होती. मी मऊ भात आणि वरण केलं, ताट वाढून ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी हात धुतले. ताटाकडे पाहिलं.

“तुला फार त्रास झाला,” हे म्हणाले.

“तुम्ही वाचलात ना.”

“मी लाकडाचा विचारच केला नाही.”

“कुणीच केला नाही.”

पडद्याच्या अलीकडे मी उभी होते, हे ह्यांना माहीत नव्हतं. जमिनीवर थर्मास कुणी ठेवला, हे ह्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

“तू पण ताट घे,” हे म्हणाले. “बरोबर बसू.”

आमच्यात बायका मागून जेवत. आत्याबाईंनी वर पाहिलं. मी ताट घेतलं आणि समोर बसले. ह्यांनी भात कालवला, घास केला, आणि हात ताटावरच ठेवून बसून राहिले. मी पहिला घास घेतला. तो गिळला. मग ह्यांनी घास तोंडात घातला.

त्या दिवसापासून आम्ही कायम बरोबर जेवलो. पुढच्या वर्षी मुलगा झाला, मग मुलगी. घर झालं, चांगला सागवानी पलंग झाला. हे मला कधी उणं बोलले नाहीत, ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. आत्याबाईंना शेवटपर्यंत मीच सांभाळलं आणि त्यांनी जाताना माझा हात धरला होता. सून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “आई, बाबा तुमच्याशिवाय पहिला घासही घेत नाहीत. किती प्रेम आहे हो तुमचं.”

मी हो म्हणाले. बावीस वर्षं सगळ्यांना मी तेच सांगत आले होते, आणि त्यात सगळंच खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. ह्यांना स्वतःला तरी ते कळत होतं की नाही, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर एखादे वेळी उत्तर मिळालं असतं.

गेल्या वर्षी ह्यांचं यकृत गेलं. शेवटच्या आठवड्यात बोलणं थांबलं, माणसं ओळखेनात. मुलगा पुढे आला तर नुसते बघत राहायचे. मी वाटीत भाताची पेज घेऊन बसले, चमचा ह्यांच्या ओठांशी नेला. ओठ घट्ट मिटलेले. सुनेने प्रयत्न केला, मुलीने केला. तिच्या हातून दोन चमचे गेले. मी परत चमचा धरला. ओठ पुन्हा मिटले.

“आई, राहू दे, त्यांना इच्छा नाही,” मुलगा म्हणाला.

“थांब जरा,” मी म्हणाले.

मी चमचा मागे घेतला. ह्यांच्या डोळ्यांसमोर, नीट दिसेल असा, स्वतःच्या तोंडात घातला, पेज गिळली आणि रिकामं तोंड उघडून दाखवलं. मग वाटीतून दुसरा चमचा भरला.

ह्यांनी तोंड उघडलं.